सात पेनं आणि एक हजेरी

“रूम चुकली वाटतं बिचारीची,” शेजारच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं. म्हणालं इंग्रजीत, पण त्यातली ‘बिचारी’ मला नीट कळली.

वर्गात तीसेक जण होते. सगळे बसलेले होते. मी एकटी उभी होते, कारण बाई नुकत्याच दारातून आत आल्या होत्या. कोल्हापूरच्या माझ्या कॉन्व्हेंट शाळेत बाई दारात दिसल्या की अख्खा वर्ग उठून सुरात ‘गुड मॉर्निंग, मिस’ म्हणायचा. बारा वर्षं हे केल्यावर गुडघे डोक्याला विचारत नाहीत. ‘गुड मॉर्निंग’ घशातच राहिलं, तेवढं बरं झालं.

बाई माझ्याकडे पाहून हसल्या. “रेस्टरूम ना? बाहेर पडून डावीकडे, पाण्याच्या नळापुढे. दुसरं दार हं. पहिलं सफाईच्या सामानाचं आहे.”

(रेस्टरूम म्हणजे स्वच्छतागृह. आत विश्रांतीची काही सोय नसते.)

इतकं नीट सांगितल्यावर न जाणं बरं दिसलं नसतं. मी गेले. हात धुतले, वाळवले आणि अगदीच लवकर परतू नये म्हणून पुन्हा धुतले. वर्गात आले तेव्हा हजेरी संपली होती.

हे टेक्सासमधलं प्लेनो. मी इथे वैशालीकाकूंकडे राहते आणि कम्युनिटी कॉलेजात शिकते (दोन वर्षांचं, गावाजवळचं कॉलेज, इथून पुढे विद्यापीठात जाता येतं). मला नर्सिंगला जायचं आहे आणि त्यासाठी आधी जीवशास्त्र लागतं. गाव सपाट आहे. कंपन्यांची आवारं एवढी मोठी, की एका टोकाच्या लोकांना दुसऱ्या टोकाचं हवामान विचारावं लागत असेल. आकाश भरपूर आहे. माणसं असावीत, पण ती गाड्यांमध्ये असतात. कॉलेजची इमारत दिसल्यापासून तिच्या दारापर्यंत पोचायला पार्किंगमधून आठ मिनिटं चालावं लागतं. ऑगस्टच्या उन्हात ती आठ मिनिटं म्हणजे एक स्वतंत्र प्रवास आहे.

सुरुवातीला कॉलेजच्या दारात निळ्या कापडाचा तंबू होता. आत निळ्या शर्टातली एक मुलगी, छातीवर बिल्ला: ‘मला विचारा!’ नव्या मुलांसाठी ही सोय. मला हजेरीचं विचारायचं होतं. मी जवळ गेले की ती म्हणायची, “हाय! पेन हवंय?” मी म्हणायचे, “थँक यू,” आणि पेन घेऊन पुढे जायचे. शुक्रवारपर्यंत माझ्याकडे सात पेनं झाली.

वर्गात माझ्या शेजारी अर्ल बसायचे. बिचारी म्हणाले ते हेच. वय साठीच्या पुढे, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. मनातल्या मनात मी त्यांना अर्लकाका म्हणायचे. बुधवारी मी डब्यातलं थालीपीठ काढलं, तर त्यांनी वाकून पाहिलं.

“पॅनकेक?”

मी मान हलवली. ही हो आणि नाहीच्या मधली हालचाल होती. त्यांनी एक तुकडा घेतला, चावला आणि पूर्ण तासभर पाणी पीत राहिले. जाताना म्हणाले, “फार सीरियस पॅनकेक आहे.”

सोमवारी ईमेल आलं. पहिल्या दिवशी (हजेरी इथे तेवढ्याच दिवशी घेतात) मी गैरहजर होते आणि आठवडाभरात शिक्षकांना भेटले नाही, म्हणून जीवशास्त्रातून माझं नाव काढलं होतं. बुधवारी पाच वाजता जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला मिळणार होती. माझे विषय चारच होते. विद्यार्थी व्हिसावर राहायचं तर चारही लागतात. तीन म्हणजे परत कोल्हापूर.

“अगं, तू गेलीस ना रोज? मीच तर ड्रॉप करत होते तुला!” वैशालीकाकू म्हणाल्या. त्या मूळच्या नागपूरच्या. वीस वर्षांत त्यांनी या गावातली प्रत्येक अडचण फोनवर सोडवली आहे. “थांब, मी कॉल करते. तू रिलॅक्स कर, यार.”

फोन चार मिनिटांत संपला. त्यांचा एवढा छोटा फोन मी पहिल्यांदाच पाहिला.

“म्हणे विद्यार्थिनीशीच बोलणार. कायदा आहे म्हणे! काकू आहे म्हटलं, तर म्हणे आई असती तरी नाही.” त्यांनी फोन ओट्यावर उपडा ठेवला. “हा कसला देश आहे गं?”

बुधवारी सकाळी मी तंबूपाशी गेले. तंबू काढत होते.

“हाय! पेन—”

“नको,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच जरा मोठा वाटला. “जीवशास्त्राच्या बाई कुठे भेटतील?”

मुलीनं हातातला खांब खाली ठेवला आणि मला थेट बाईंच्या दारापर्यंत नेऊन सोडलं. इतक्या दिवसांत तिला कोणी काही विचारलं नव्हतं बहुतेक. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

बाईंचं नाव डॉना. सगळे त्यांना डॉना म्हणतात. मला ते जमत नाही, म्हणून मी त्यांना कशानेच हाक मारत नव्हते. दारावरच्या कागदावर ऑफिस अवर्स लिहिले होते (विद्यार्थ्यांनी यावं म्हणून शिक्षक दार उघडं ठेवून बसतात, ते तास).

मी उभ्या उभ्याच सांगितलं की मी रोज वर्गात होते. त्यांनी यादी पाहिली, मग मला पाहिलं. “माफ कर, पण मला तू आठवत नाहीस. तुला परत घ्यायच्या फॉर्मवर सही करायची तर मला खात्री हवी.”

मी आठवू नये, याची काळजी मीच घेतली होती. पण पाहण्याचं काम मी केलं होतं.

“पहिल्या दिवशी तुम्ही हिरवा मार्कर उचललात,” मी म्हणाले. “वाळलेला होता. तुम्ही तो परत तिथेच ठेवलात. बुधवारी पुन्हा तोच उचललात. शुक्रवारीही. पेशी म्हणजे कारखाना म्हणालात, मग म्हणालात की हे उदाहरण तुम्हाला स्वतःलाच आवडत नाही. परवा तुमच्या एका कानात डूल नव्हतं.”

बाईंचा हात कानाकडे गेला. मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला.

“आणि पहिल्या दिवशी हजेरीला कुठे होतीस?”

“रेस्टरूममध्ये. तुम्ही पाठवलंत.”

“ती तू! मग जायचं नव्हतं, तर सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही दुसऱ्या दाराचंही सांगितलं होतंत,” मी म्हणाले.

त्यांनी सही केली.

वर्ग त्याच मजल्यावर होता. मी बाईंच्या आधी पोचले आणि माझ्या जागेवर बसले. विमानानं वीसेक तास लांब येऊन मी दीड आठवडा या खोलीत होते, आणि त्याचा पुरावा म्हणून माझ्याजवळ एक वाळलेला मार्कर निघाला. कोल्हापुरात मी गप्प असले तरी हजेरीपटावर असायचे. नाव कोणीतरी पुकारायचंच. इथे गप्प बसणारा माणूस रीतसर नाहीसा होतो. त्यात कोणाचा दुष्टावा नसतो. उलट, जाताना पेन देतात.

दार उघडलं. बाई आत आल्या आणि माझे गुडघे उठले. खाली बसता आलं असतं. बसले नाही.

शेजारी खुर्ची सरकली. अर्लकाकाही उभे राहिले होते, एक हात बाकावर टेकून. त्यांनी दाराकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आपण का उभे आहोत?” त्यांनी विचारलं.

सगळा वर्ग वळून पाहत होता. हळू बोलून भागणार नव्हतं.

“मॅडम आल्या आहेत,” मी म्हणाले.