मोतीला कुणी ठेवून घेईना

कुत्र्यांतलं मला सगळं कळतं, असं सिंदेवाहीत माझ्याशिवाय कुणालाही वाटत नव्हतं.

पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणायचे आणि मी सिंदेवाहीला शाळामास्तर होतो. गावाबाहेर तलावाच्या काठी एका सागवानाच्या ठेकेदाराचं बिऱ्हाड होतं. ठेकेदार सिरोंच्याकडचा. तोडणीचं काम आटोपलं तसा तो गाड्या भरून निघून गेला. पलंग नेला, पितळी हंडे नेले, दारातली तुळससुद्धा कुंडीसकट नेली. कुत्रा तेवढा मागच्या खांबाला बांधलेला राहिला. राखणदाराला जाताना सांगितलं, "याच्याकडे बघत जा."

राखणदार प्रामाणिक होता. तो दोन महिने रोज कुत्र्याकडे बघत राहिला. (घरी काही उरलं तर टाकायचा. त्याच्या घरी फारसं उरत नसे.)

एका रविवारी मी तलावाकडे फिरायला गेलो आणि ते जनावर पाहिलं. अंगावर बरगड्या आणि गोचिडी, यांच्याशिवाय काही नव्हतं. मला पाहून त्यानं शेपूट हलवायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यानंच त्याला बसावं लागलं. मी तिथल्या तिथे दोरी सोडली आणि त्याला घरी आणलं.

बायको दारातच उभी होती. सुमती वर्ध्याकडची, बोलायला सरळ.

"हे काय घेऊन आले तुमी?"

"कुत्रा."

"ते दिसून राह्यलं मले. आपल्याघरी काऊन?"

"बरा होईपर्यंत. मग चांगलं घर बघून देऊन टाकू. मला कुत्र्यांतलं कळतं."

"बरगड्या मोजता आल्या नाई, की त्याच दिवशी द्याचा," तिनं सांगितलं आणि आत जाऊन भाताची पेज ठेवली. अट घालणं वेगळं आणि उपाशी जीव डोळ्यांनी पाहणं वेगळं.

मी त्याचं नाव मोती ठेवलं. कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ, करंजाचं तेल, पेज, तलावातल्या मासळीची डोकी, असा क्रम सुरू झाला. गोचिडी मी स्वतः काढल्या. (एक माझ्याच कानामागे सापडली, ती सुमतीनं काढली.) तीन महिन्यांत मोती घोड्यासारखा चमकायला लागला. अंगानं सुधारला, पण त्याच्या डोक्याचं मला काही कळेना.

मोती म्हणून हाक मारली तर तो ढिम्म. "ये" म्हटलं तर बसून राही, "बस" म्हटलं तर उभा राही. मला वाटलं, बहिरा असावा. परीक्षा म्हणून मागून थाळी वाजवली. तो दचकून उठला आणि त्याच्याबरोबर शेजारची म्हैसही. म्हणजे ऐकू येत होतं.

त्याहून विचित्र म्हणजे पोळीचा प्रकार. सुमती प्रेमानं हात पुढे करून म्हणे, "घे पोळी." की हा मान खाली घालून उठे आणि फाटकापाशी जाऊन उभा राही. तोंडाला पाणी सुटलेलं, पण पाठ आमच्याकडे.

"उपाशी हाय अन् पोळीले पाठ दाखवते. असं कसं जनावर?" सुमती म्हणाली.

"स्वाभिमानी आहे," मी म्हणालो. "धनी सोडून गेल्यामुळे त्याचं मन दुखावलंय."

"मंग भातावर काऊन नाई दुखत?"

पण माझी बाजू सावरणारी एक गोष्टही तो करी. घरी पाहुणा आला आणि मी आत हाक मारली, "अगं, खुर्ची आण," की मोती पटकन खाली बसे. अगदी शिस्तीत. मी पाहुण्यांना सांगायचो, "शिकवलंय त्याला. मोठं माणूस आलं की बसायचं." हे मी इतक्यांदा सांगितलं, की शिकवल्याचं मलाही आठवायला लागलं.

बरगड्या दिसेनाशा झाल्या. गजाननशेठ किराणावाल्यांना दुकानाच्या राखणीला कुत्रा हवा होता. मी मोतीला तिथे पोचवला, गुण सांगितले आणि जड मनानं घरी आलो. तिसऱ्या दिवशी शेठ दोरी घेऊन दारात. दोरीला मोती होताच.

"मास्तर, हा तुमचा तुमीच ठेवा."

"चावला का कुणाला?"

"चावला असता तं परवडलं असतं. गिऱ्हाईक येते, 'रामराम शेठ' म्हणते, अन् हा उठून त्याच्या छातीवर दोन पाय ठेवते. माया करते. काल एक बाई तेलाच्या डब्यात बसली. आता लोक रस्त्यावरूनच सौदा मागून राह्यले."

मी त्यांना मोतीच्या स्वभावातला प्रेमळपणा समजावून सांगितला. शेठ म्हणाले, "प्रेम घरी करा." आणि गेले.

यानंतर शहाणा माणूस थांबला असता. मी नायब तहसीलदार साहेबांकडे गेलो.

साहेब नवीन बदलून आले होते. त्यांना रुबाबदार कुत्रा हवा होता. मोती रुबाबदार दिसत होताच, आणि मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "साहेब, याच्या शिक्षणाची हमी माझी." साहेबांनी त्याला ठेवून घेतलं. त्यांना वाटलं, मास्तर आहे, शिक्षणातलं कळत असेल.

दुसऱ्याच दिवशी आठवडी बाजार होता. साहेब बाजाराला लागूनच असलेल्या चिंचेखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज ऐकत होते. मोती पायाशी. त्यांचा चपराशी दशरथभाऊ, अंगावर लाल पट्टा, नवं कोरं धोतर, मागे उभा. साहेबांना पाणी हवं होतं. त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "पट्टेवाला!"

मोतीनं झेप घेतली आणि दशरथभाऊच्या धोतराचा सोगा दातांत धरला.

मला बोलावणं आलं तेव्हा अर्धा बाजार तिथे जमला होता. दशरथभाऊनं दोन्ही हातांनी धोतराची उरलेली बाजू धरली होती. मोती चावत नव्हता, गुरगुरतही नव्हता. नुसता धरून होता, कर्तव्यदक्षपणे.

"मास्तर," दशरथभाऊ हळूच म्हणाला, "लवकर करा. गाठ सुटून राह्यली."

मी पुढे झालो. "मोती, सोड," म्हणालो. हिंदीत "छोड" म्हणालो. मग लोकांवर छाप पडावी म्हणून इंग्रजीतही काहीतरी म्हणालो. मोतीनं माझ्याकडे अशा केविलवाण्या नजरेनं पाहिलं, की वर्गात मागच्या बाकावरची पोरं मला आठवली. काही तरी चुकतंय एवढं त्याला समजत होतं, काय ते समजत नव्हतं. गर्दीतून दहा जण ओरडले, "पट्टेवाल्याले सोडवा रे!" त्यासरशी मोतीनं पकड आणखी घट्ट केली.

साहेबांचा चेहरा लाल झाला होता. "हा कुत्रा पिसाळलेला आहे. माझी बंदूक आणा," ते म्हणाले.

दोन महिने भुकेनं जे मेलं नाही, ते आता माझ्या हमीपायी मरणार होतं. मी मोतीच्या आणि साहेबांच्या मधे जाऊन उभा राहिलो. "साहेब, जरा थांबा," एवढंच तोंडातून निघालं.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून आवाज आला, "वदुलु, रा. वदुलु."

मोतीनं धोतर सोडलं.

आवाज राजक्काचा होता. ही सिरोंच्याकडची बाई, आमच्या बाजारात सुकी मासळी आणि झिंगे विकायची. एकटीच राहायची. ती पुढे आली, "रा" म्हणाली, मोती धावत गेला. "कूर्चो" म्हणाली, मोती बसला. मग ती खाली बसून त्याच्याशी भराभर बोलायला लागली, आणि तो गुडघ्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा कण्हायला लागला.

"त्याले तेलुगू समजते, मास्तर," तिनं डोळे पुसत सांगितलं. "वदुलु म्हणजे सोड. रा म्हणजे ये. पो म्हणजे जा. पट्टु म्हणजे धर. तुमी काय बोलत होते त्याच्यासंगं?"

मी हिशेब मांडत उभा राहिलो. रामराम. पट्टेवाला. खुर्ची. आणि ती पोळी! सुमती तीन महिने त्या मुक्या जिवाला प्रेमानं जेवायला बोलवत होती आणि तो बिचारा दर वेळी हाकलून दिल्यासारखा फाटकापाशी जात होता. ठेकेदार सिरोंच्याकडचा, आणि तिकडे घरोघरी तेलुगू बोलतात, हे सबंध गावाला माहीत होतं. मलाही होतं.

बंदूक आली तशी परत गेली. साहेब मला एवढंच म्हणाले, "मास्तर, शाळेत तरी मुलांची भाषा विचारून घेत चला."

राजक्का मोतीला सोडायला तयार नव्हती. "वर्षं झाले, माह्या बोलीत माह्यासंगं कोणी बोललं नाई," ती म्हणाली. मोतीही तिच्या टोपलीपासून हलेना. मी दोरी तिच्या हातात दिली. घरी आल्यावर सुमतीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. पण एक डाव तरी त्यानं पोळी खाल्ली असती." पुढल्या बाजाराला तिनं चार पोळ्या बांधून पाठवल्या. राजक्कानं न बोलता त्या मोतीपुढे ठेवल्या आणि त्यानं चारही संपवल्या.

राजक्कानं त्याचं नाव मात्र बदललं. मी त्याचा जीव वाचवला म्हणून, माझ्या सन्मानार्थ, ती त्याला मास्टर म्हणायला लागली.

एका बाजाराच्या दिवशी मी घाईनं शाळेकडे निघालो होतो. मागून तिची खणखणीत हाक आली, "मास्टर, आगु!" आगु म्हणजे थांब, एवढं तेलुगू मी तोवर शिकलो होतो. एक पाय उचललेला, तसाच भर रस्त्यात थांबलो. मागच्या बैलगाडीवाल्यानं मला शिव्या दिल्या. माझ्या पायांमधून कुत्रा सुसाट पुढे निघून गेला, त्यानं काही ऐकलं नाही.

राजक्का धापा टाकत आली, एकदा पळणाऱ्या कुत्र्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मुठीतले झिंगे माझ्या हातात ठेवले.

"घ्या," ती म्हणाली. "जो थांबते त्याले देतो मी."