मेश्रामांची चोवीस मशिनं

दशरथ मेश्राम सध्या कात्रजच्या पुढे एका भंगारवाल्याच्या शेडमध्ये जुने कॉम्प्युटर फोडतात. पत्रा वेगळा, तांबं वेगळं, प्लॅस्टिक वेगळं. तीन वर्षांपूर्वी हाच माणूस असल्या भंगारातून शाळांसाठी लॅब उभ्या करायला निघाला होता, आणि पहिली लॅब आमच्याच शाळेत उभी केली होती. ती कशी बुडाली हे पुण्यात तीन माणसांना ठाऊक आहे. त्यांतली एक मी. बाकीचे दोघे सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. फार उशिरा सांगते आहे, हे मलाही कळतं.

मेश्राम मूळचे भंडाऱ्याकडचे. आयटीआय करून भोसरीच्या एका कारखान्यात लागले, तो बंद पडला, मग एका आयटी कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्तीला. तिथे दर चार वर्षांनी चांगली चालती मशिनं केवळ वय झालं म्हणून बाहेर काढायचे. मेश्रामांना ते बघवेना. "मॅडम, रिटायर माणूसही पोस्टाची, बँकेची कामं करतेच ना," ते मला म्हणायचे. शेवटी त्यांनी नोकरी सोडली आणि ती मशिनं गोळा करायला लागले. दोन खोल्यांच्या घरात शंभरेक मशिनं झाली. त्यांच्या बायको नंदाताई दोन मॉनिटरांच्या मधल्या फटीत उभ्या राहून पोळ्या लाटायच्या.

मी कोथरूडच्या एका मराठी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिथे कोणाची मुलं येतात हे कोथरूडकरांना विचारू नका; त्यांच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बायकांची येतात. तेव्हा आमच्याकडे सात मशिनं होती, त्यांतली तीन चालायची, आणि पन्नास मुलांना मी कीबोर्डचं चित्र फळ्यावर काढून दाखवायचे. मेश्रामांनी तिथे चोवीस मशिनं मांडली. त्यांना थिन क्लायंट म्हणतात. त्यांच्या पोटातली हार्ड डिस्क काढून टाकलेली. त्यांनी फक्त पडदा दाखवायचा आणि बटणं ऐकायची. सगळं डोकं एकाच मशीनचं, सर्व्हरचं. तो ऑफिसातल्या लाकडी कपाटात बसवला. कपाटात फार तापायचा म्हणून मेश्राम त्याचं एका बाजूचं कव्हर काढूनच ठेवायचे. नंदाताईंनी चोवीस मशिनांना जुन्या साड्यांची झाकणं शिवली. मुलं आत येताना चपला बाहेर काढायला लागली, मी सांगितलं नसताना.

आमच्या संस्थेच्या आणखी पाच शाळा आहेत. कार्यवाह रंगनाथराव म्हणाले होते, "एक सहामाही विनातक्रार चालवून दाखवा, मग पाचही शाळा तुमच्या." मेश्रामांचं सगळं त्या एका वाक्यावर होतं. परत जायला नोकरी नव्हती. जून ते सप्टेंबर लॅब एक दिवसही बंद पडली नाही. दसरा तोंडावर आला.

दसऱ्याला मेश्राम नागपूरला जातात, दीक्षाभूमीवर. आजोबांनी छप्पन साली तिथे दीक्षा घेतली. तेव्हापासून घरातलं कोणी गेलं नाही असं एकही वर्ष नाही. निघण्याआधी ते शाळेत आले. आमचे हेडक्लार्क माधवराव यांना म्हणाले, "सर, तेवढं कपाट उघडू नका. सर्व्हर चालू राहू द्या."

"अहो मेश्राम," माधवराव फायलीतून मान वर न काढता म्हणाले, "या शाळेत तुमच्या आधीही वीज होती."

मेश्राम हसले आणि माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "मी आहे ना. तुम्ही निर्धास्त जा."

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. घंटा, झेरॉक्स, प्रिंटर, प्रयोगशाळेतले तराजू. अवजारांना त्या दिवशी विश्रांती, म्हणून सगळं बंद करायचं. माधवरावांनी कपाट उघडलं. मी ताट धरून उभी होते. मी म्हणाले, "तो बंद करू नका म्हणून सांगून गेलेत."

"गेले असतील. पूजा त्यांच्यात नाही, आपल्यात आहे."

मी ताट पुढे केलं. त्यांनी पिन उपसली, सर्व्हर बाहेर काढून पाटावर आडवा ठेवला, उघडी बाजू वर. हळद, कुंकू, अक्षता. मग फूल कलशात बुडवून पाणी शिंपडलं, एकदा नाही, तीनदा. भक्तिभावाने शिंपडलं, खोटं कशाला बोलू. आत सर्किटच्या उघड्या पट्ट्यांवर पाण्याचे थेंब मला दिसत होते. मी आरतीला टाळ्या वाजवल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी माधवरावांनी सर्व्हर कपाटात ठेवला आणि माझ्यादेखत बटण दाबलं. चर्र झालं, जळका वास आला. लॅबमध्ये चोवीस पडदे काळे, प्रत्येकावर एकच पांढरी ओळ. एक मशीन बिघडलं तर तेवीस उरतात, ही आपली सवय. इथे एक गेलं की सगळी जातात. सातवीच्या मुलांनी चार महिने आपापल्या वस्तीची माहिती गोळा करून टाइप केली होती. पाण्याचा टँकर कधी येतो, नाल्याला पूर कधी आला, कोण कुठल्या गावाहून आलं. ते सगळं त्या डब्यात होतं. मुलं बराच वेळ बटणं दाबत राहिली.

मी फोन केल्यावर मेश्राम मिळेल त्या गाडीने निघाले आणि स्टेशनवरून पाठीवरच्या पिशवीसकट शाळेत आले. कपाटासमोर मांडी घालून बसले. चिमट्याने एक काळा पडलेला तांदूळ काढला. मग आणखी एक. पट्टीवर हळदीचा पिवळा ओघळ वाळला होता. त्यांनी मला काही विचारलं नाही. मुलांच्या कामाची दुसरी प्रत होती, पण त्याच डब्यातल्या दुसऱ्या डिस्कवर, आणि तीही जळाली होती.

"कव्हर मी उघडं ठेवलं. प्रतही इथंच ठेवली," ते म्हणाले. "एवढं माझं चुकलं."

मला रडू आलं. मी म्हणाले, "मेश्राम, मी सांगते रंगनाथरावांना. काय झालं ते सगळं सांगते." त्यांनी खिशातून रुमाल काढून हळद पुसून टाकली.

गुरुवारी आम्हा तिघांना संस्थेत बोलावलं. रंगनाथरावांनी विचारलं, "मशीन जळलं कसं?"

मी माधवरावांकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते. मेश्राम म्हणाले, "पॉवर सप्लाय गेला, सर. जुना होता."

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"नागपूरला."

रंगनाथराव नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये काय काय होतं ते त्या खोलीतल्या सगळ्यांना कळलं. मग ते माझ्याकडे वळले. "बाई, लॅब तुमच्याकडे असते. तुम्हाला काही सांगायचंय?"

अकरा वर्षं मी त्या शाळेत हंगामी होते. मला कायम करण्याचा प्रस्ताव त्यांच्याच सहीसाठी थांबला होता, त्यांच्या हाताखालच्या निळ्या फायलीत. फायलीवर माझं नाव होतं.

"नाही," मी म्हणाले.

"मग प्रश्न मिटला. मुलांचं नुकसान भंगाराच्या भरवशावर करता येणार नाही." पाच शाळा गेल्या. चोवीस मशिनं आठ दिवसांत उचलायची ठरलं.

बाहेर व्हरांड्यात मी मेश्रामांना चुकवून जिन्याकडे निघाले होते. त्यांनी हाक मारली. मला वाटलं, आता विचारतील. विचारायलाच हवं होतं.

"मॅडम, तुमचे आभार मानायचे होते."

"कशाबद्दल?"

"तुम्ही बोलल्या नाही त्याबद्दल. काल तुम्ही म्हणाल्या, तेव्हापासून मी घाबरूनच राहिलो होतो. तुमच्या तोंडून ते निघालं असतं, तर उद्या पुण्यात एवढंच झालं असतं, की मेश्राम म्हणते पूजेनं मशीन जळलं. मग लॅब तर सोडाच, कोणत्या शाळेच्या फाटकातही घेतलं नसतं मला. आमचे घरमालकही खालीच राहतात." त्यांनी हात जोडले. "तुम्ही माझा विचार केला. नंदालाही सांगतो मी."

ते मनापासून बोलत होते. टोमणा असता तर मी सहन केला असता. पुण्यात जन्म गेला आहे माझा. मी त्यांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "असू द्या हो, त्यात काय."

डिसेंबरमध्ये मी कायम झाले.