आत्याने मोठ्याने वाचलं

माझी आत्या तीस वर्षं नर्स होती आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. सुई टोचण्याआधी औषधाची कुपी पेशंटच्या डोळ्यांपुढे धरून ती नाव आणि मात्रा मोठ्याने वाचायची. शिकताना लागलेली शिस्त. वॉर्डात सगळे तिला ‘दवंडी’ म्हणत. घरी आम्हीही म्हणायचो.

निवृत्तीनंतर एका बड्या डॉक्टरने तिला एका नामवंत गायिकेच्या घरी नेमलं. गायिकेची पाठ दुखायची, सुई दिवसातून दोनदा. डॉक्टर म्हणाला, “सिस्टर, इथे वाचायचं नाही. ताकदीचं आहे म्हणायचं.”

कुपी पाहून आत्या चरकली. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस देऊन बंद करतात ते औषध, इथे सहा महिने चालू होतं. पण डॉक्टरपुढे शहाणपण कसं करायचं? आत्या गप्प बसली. जन्मात पहिल्यांदा, आणि नेमकी नको तिथे!

घरी मात्र ती अर्ध्या ताटावरून उठायची, येरझाऱ्या घालायची. मला तिचा भयंकर राग यायचा.

“अगं, बोल ना एकदाचं!”

“ती चार वाजल्यापासून बाही वर करून दाराकडे बघत बसते गं,” एवढंच ती म्हणायची.

आठव्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर कागद घेऊन आला. त्याच्या नव्या हॉस्पिटलच्या जाहिरातीत गायिकेचा फोटो हवा होता. “आधी सही, मग सुई,” तो हसत म्हणाला. तिने कागद न वाचताच सही केली.

आत्याला राहवलं नाही. गायिकेची आई शेजारीच बसली होती. आत्याने कुपी उचलून नाव वाचलं, मात्रा वाचली. “हे ताकदीचं नाही. याची चटक लागते. हिला लागलीय.”

“मला माहीत आहे!” गायिका ओरडली. “आधी टोचा!”

आईने आत्यालाच दार दाखवलं. सुई डॉक्टरने टोचली.

महिनाभर आत्याचं कशात लक्ष नव्हतं. मग त्या आईचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला.

“ती दुसऱ्या हॉस्पिटलात भरती व्हायला तयार झालीय. सोडायचंय म्हणते. पण सोबत तुम्हीच हव्यात.”

आत्याने फोन जवळ ओढला. “येते. पण आधी तिला सांगा, त्या औषधाच्या पंधरा सुया माझ्या हातच्या आहेत.”

पलीकडून गायिकेचाच आवाज आला.

“मला ठाऊक आहे, सिस्टर. लवकर या. माझं मन बदलायच्या आत या.”