गरम जॉबचं माप

पगारे अण्णा गेले. त्यांच्या गुडघ्याबद्दलचा माझा संशय मात्र अजून फिटलेला नाही.

आज त्यांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तिथे दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा हे बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात आम्ही एकत्र होतो. मी अकाउंट्सला, ते क्वालिटीला.

मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे कापून तयार झालेला धातूचा भाग, पूर्ण थंड होईपर्यंत अण्णा त्याला मायक्रोमीटर लावू देत नसत. ट्रक गेटवर उभा असला, तरी नाही.

"गरम जॉबचं माप म्हणजे खोटं माप." एवढंच म्हणायचे.

निवृत्तीनंतर दर पौर्णिमेला ते डोंगरावरच्या त्रिरश्मी लेणीवर वंदनेला जात. सगळ्या पायऱ्या चढून, काठी न घेता. वहिनी गेल्यापासून तर एकही पौर्णिमा चुकली नव्हती.

मग गुडघा कुरकुरायला लागला.

साधा एमआरआय गुडघ्यातल्या गादीचा आकार दाखवतो. डॉक्टरांनी सांगितलेला एमआरआय वेगळा होता. तो गादीतल्या पाण्याचा अंदाज घेऊन जागोजागी आकडा देतो. झीज डोळ्यांना दिसण्याआधीच हा आकडा वाढू लागतो, असं आम्हाला सांगण्यात आलं.

पहिला रिपोर्ट चांगला आला.

वर्षभराने दुसरा काढला. आकडा वाढलेला. रंगीत नकाशात जिथे निळं होतं, तिथे लाल.

डॉक्टर म्हणाले, चढणं बंद. इंजेक्शनांचा कोर्स सुरू करू.

अण्णा आणि मी रिक्षाने परतलो. घर आल्यावर अण्णा म्हणाले, "म्हणजे आता खालूनच हात जोडायचे."

रंगीत नकाशांवर माझा विश्वास नाही. कुणी ताळेबंद रंगीत छापला, की मी आधी त्याच्या तळटीपा वाचतो.

मला डॉक्टरांचा संशय आला. सेंटरचाही आला. दोन्ही रिपोर्ट आणि अण्णांना घेऊन मी सेंटरवर गेलो.

रेडिओलॉजिस्ट मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी विचारलं, मशीन तेच होतं का? सेटिंग तीच होती का? आकडे काढण्याची पद्धत मधल्या काळात बदलली का?

त्यांनी सगळं उघडून दाखवलं. काहीही बदललेलं नव्हतं.

मग त्यांनीच अण्णांना विचारलं, दोन्ही वेळा सकाळपासून पायाला आराम दिला होता ना? चढण्याने गादीवर दाब येतो, तिच्यातलं पाणी सरकतं आणि आकडा तात्पुरता खाली येतो.

अण्णांनी लगेच मान हलवली. जरा जास्तच लगेच.

मी पहिल्या रिपोर्टची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये पाहिली.

"अण्णा, त्या दिवशी पौर्णिमा होती."

ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वंदना करून थेट इथेच आलो होतो. खरं सांगितलं असतं, तर यांनी पुढची तारीख दिली असती."

"म्हणजे तुम्ही गरम जॉबचं माप दिलंत."

"ऑडिटर, इथे तरी सोडा मला."

गरम जॉब म्हणजे काय, हे मॅडमनी विचारलं. ते अण्णांनीच समजावून सांगितलं, ट्रेनीला सांगावं तसं, पण मान खाली घालून.

मॅडमनी तिथल्या तिथे दोन रिपोर्टची तुलना रद्द केली. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. तशी वेळच आली नाही.

डॉक्टरांशी बोलून असं ठरलं, की अण्णांनी काही महिने नेहमीसारखं चढावं. मग नीट आराम करून तिसरा एमआरआय काढावा आणि तो दुसऱ्याशी ताडून बघावा. आकडा वाढला, तर लेणी कायमची बंद.

तिसरा आला. आकडा जिथल्या तिथे.

लेणी सुरू राहिली. अण्णांनी सोसायटीत पेढे वाटले.

माझं समाधान झालं नाही.

तिसऱ्या एमआरआयच्या सकाळी मी मुद्दाम त्यांना घ्यायला गेलो होतो. पौर्णिमा नाही, याची आधीच खात्री केली होती. अण्णा बूट घालून खाली गेटपाशी उभे. मोज्यांना कुसळं चिकटलेली.

मी विचारलं. म्हणाले, "झाडांना पाणी घालत होतो."

अण्णा दुसऱ्या मजल्यावर राहायचे. बाल्कनीत तुळस आणि कोरफड होती.

गादी खरोखर बिघडली असेल आणि त्या सकाळच्या चढण्याने आकडा खाली आला असेल, तर आकडा जिथल्या तिथेच दिसणार. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी पुन्हा विचारलं नाही.

मागच्या महिन्यात झोपेतच त्यांचं हृदय थांबलं. त्याच्या आधीच्या पौर्णिमेला ते वर जाऊन आले होते.

आज कार्यक्रमानंतर त्यांच्या मुलीला, वैशालीला, मी त्या एमआरआयच्या सकाळबद्दल विचारलं.

ती म्हणाली, "बाबा तर उजाडायच्या आधीच बाहेर पडले होते, काका. मला वाटलं, तुमच्याकडेच आलेत."

ज्या माणसाने उभ्या नोकरीत एकही गरम जॉब पास केला नाही, त्याने स्वतःचा गुडघा तेवढा गरम असताना पास करून घेतला. कसा पास होईल, हे त्यांना मॅडमनी माझ्यासमोरच सांगितलं होतं.

पुरावा नाही. खरा आकडा आता कधीच कळणार नाही.

अण्णा, या एका रिपोर्टवर माझा शेरा नाही.

येत्या पौर्णिमेला मी वर जाणार आहे. तुमच्या वतीने.

आदरांजली, अण्णा. जय भीम.