विश्वकर्म्याच्या पायाखाली

कोलकात्याच्या खिदिरपूर गोदीतल्या आमच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारा बंगाली गृहस्थ वस्तू जागच्या जागी ठेवण्यात भलताच कडक आहे. माझा स्टेपलर चार बोटं सरकला तरी तो येता-जाता सरळ करतो. बोलताना माणसाकडे न बघता पंख्याकडे बघतो.

डेटाबेसच्या सेटिंगच्या फाइलींची प्रत सर्व्हरवर ठेवायची नाही, हा त्याचा नियम. "सर्व्हर गेला तर तीही जाईल, बुझलेन, दीदी? समजलं ना?" मला ते पटलं होतं.

परवा सर्व्हरची एक डिस्क गेली. कंटेनरच्या नोंदी दुसऱ्या डिस्कवर शाबूत होत्या, पण त्या सेटिंगशिवाय उघडेनात. गोदीत औषधांचे कंटेनर अडकले. मी प्रत मागितली.

"पेन ड्राइव्ह विश्वकर्म्याच्या मूर्तीखाली चिकटवला होता," तो पंख्याला म्हणाला.

मी मूर्तीच्या फळीकडे पाहिलं. दरवर्षीची विश्वकर्मा पूजा होऊन आठवडा झाला होता. फळीवर नवी मूर्ती होती. वर्षभराची जुनी मूर्ती त्यानेच गंगेत सोडली होती.

त्याने खुर्ची ओढली आणि चार तास जागचं न हलता सगळी सेटिंग आठवून टाइप केली. नोंदी उघडल्या, कंटेनर सुटले.

मग त्याने नव्या पेन ड्राइव्हवर प्रत घेतली, टेप कापली आणि तो मूर्तीकडे निघाला.

"अहो दादा, परत तिथेच?" मी ओरडलेच.

पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे पाहिलं. "जागा बरोबरच होती, दीदी. विसर्जनाआधी बघायचं राहिलं."

मी पेन ड्राइव्ह त्याच्या हातातून काढून घेतला आणि माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.