जिन्याखालची जागा

दिलीपने पहिली सळी हरेश्वरच्या खांद्यावर मारली आणि दुसरी कानावर. कानावर बसली तेव्हा ओल्या फळीवर घण पडावा तसा आवाज आला. हरेश्वर, माझा नवरा, जिन्याखाली बोटीच्या इंजिनावर पालथा पडला होता, दोन्ही हातांनी ते कवटाळून. बिल्डिंगमधले आणखी दोघे त्याला पाय धरून बाहेर ओढत होते.

"काढ ते. आधी काढ ते इथून," दिलीप ओरडत होता.

"नाय काढणार," हरेश्वर म्हणत होता. "मारून टाका, नाय काढणार."

मी पहिल्या मजल्यावर मोरीत बोंबील साफ करत होते. हातातला कोयता तसाच घेऊन उतरले. दिलीपचा हात तिसऱ्यांदा वर गेला तेव्हा मी त्याच्या मनगटावर कोयता घातला. सळी पडली. रक्त मीटरच्या पेटीवर उडालं. पाय ओढणारे दोघे पळाले.

म्हातारीने कोयता चालवला असं आमच्या गावात, मुरब्यात, अजून सांगतात. खरं आहे. पण तिथे लोक बाकीचं काहीही जोडून सांगतात, म्हणून लिहिते. मुरब्यात राहिलेल्यांसाठी, आणि आमच्यासारखे बोईसरला येऊन खोल्यांत शिरलेत त्यांच्यासाठीही.

आम्ही हौसेने गाव सोडलं नाही. समुद्राने एका पावसाळ्यात आमची मागची भिंत नेली, पुढच्या पावसाळ्यात पडवी. मुलगा नितेश बोईसरला कारखान्यात शिफ्ट करतो. त्याने वन बीएचके घेतला होता, तो म्हणाला चला. टेम्पो भरला तेव्हा शेजारची यमुना बघायला आली. "फ्लॅटात चाललीस गो," ती म्हणाली. "आता आमच्या सुक्या मासळीचा वास आला तर नाक धरशील." मी म्हटलं, "वास यायला तू आंघोळ सोडलीस का?" ती हसली, मग पदर तोंडाला लावून घरात गेली. मी टेम्पोत पुढे बसले. मागे हरेश्वर, जाळी आणि इंजिन.

हे इंजिन नीट समजून घ्या. होडी धाकट्या दिराची. तिच्या मागे लावायचं इंजिन आमचं. इंजिन आहे तोवर हरेश्वर होडीतला भागीदार. इंजिन गेलं की तो मुलाच्या घरी बसून जेवणारा म्हातारा. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, दिरालाही माहीत होतं. दिराच्या पडवीत त्याचीच जाळी मावत नव्हती. शिवाय पावसाळ्यात होडी बंद असते, तेव्हाच जाळी सांधायची आणि इंजिन खोलून साफ करायचं. म्हणून सामान बरोबर आणलं. नारळी पौर्णिमा झाली की हरेश्वर ते घेऊन मुरब्याला जाणार होता.

मुरब्यात सामान कुठे ठेवायचं हा प्रश्नच कधी पडला नाही. पुढे अंगण, बाजूला वाळू, वर ताडपत्री. बोईसरला फ्लॅटमध्ये शिरलो आणि जाळी पलंगाखालीही मावेनात. गॅलरीत ठेवली तर खालच्या बाई म्हणाल्या, पाणी गळतं आणि मांजरं येतात. पार्किंगमध्ये ठेवायला गेलो तर सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "आजी, गाडी असेल तर जागा मिळेल. जाळ्याला नंबर प्लेट असते का?" सगळे हसले. गच्चीला कुलूप, टाकीत कोणी काही टाकेल म्हणून. कारखान्यांच्या बाजूला एक गाळा बघितला. त्याचा मालक दारातच नाकाला रुमाल लावून म्हणाला, "मौसी, मच्छी का सामान नहीं चलेगा. मेरा कपड़े का माल है, बास मारेगा."

शेवटी जिन्याखालची जागा उरली, मीटरच्या पेटीशेजारी. सेक्रेटरी म्हणाले, ती कोणाचीच नाही, ठेवा. नितेशने लोखंडी साखळी आणून इंजिन पाइपला बांधलं. आठवड्यात दोरखंडाचं भेंडोळं गेलं. मग इंजिनाची रॉकेलची टाकी गेली. साखळीवरही कोणीतरी करवत चालवलेली दिसली. हरेश्वर दिवसा तिथेच खुर्ची टाकून बसायला लागला. येणारेजाणारे त्याला वॉचमन समजून पार्सल देऊन जायचे. तो घ्यायचा, आणि नंतर मला शिव्या घालायचा.

आमच्या आळीत एक रीत आहे. किनाऱ्यावर सामान उघडं टाकून जायचं असेल तर त्यावर नारळाची करवंटी पालथी घालायची आणि जुन्या जाळ्याच्या तुकड्याने बांधायची. प्रत्येक घराची गाठ वेगळी. गाठ बघितली की कळतं सामान कोणाचं, आणि तो परत येणार आहे. मग त्याला कोणी हात लावत नाही. दारूडेही लावत नाहीत. माझी आई म्हणायची, "कुलूप चोराला दिसतं, गाठ शेजाऱ्याला दिसते."

नारळी पौर्णिमेला मी नारळ फोडला, इंजिनाला कुंकवाची पिंजर लावली, करवंटी पालथी घातली आणि सासऱ्यांच्या घरची गाठ मारली. दोन दिवसांत टेम्पो येणार होता. मला वाटलं, तेवढं राखेल.

आता दिलीपचं ऐका. तो आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. त्याची मुलगी, सहा वर्षांची, तीन दिवस तापाने फणफणत होती. अंगावर लाल ठिपके आले होते. दिलीपची बायको औषध आणायला उतरली आणि तिला जिन्याखाली ते दिसलं. पालथी करवंटी, लाल पिंजर, काळ्या जाळ्याच्या गाठी. ज्या जिन्यावरून तिची मुलगी रोज शाळेत जायची त्याच्या बरोबर खाली. ती वर जाऊन रडली. कोणीतरी म्हणालं, मच्छीवाली म्हातारी एकटीच पुटपुटत बांधत होती. मी पुटपुटत होते हे खरं आहे. करवंटी घसरत होती म्हणून शिव्या देत होते.

दिलीप सळी घेऊन खाली आला आणि म्हणाला, काढ ते. तो करवंटीबद्दल बोलत होता. हरेश्वरला वाटलं इंजिन काढायला आलेत. दोन महिने ज्याची राखण केली ते न्यायला आलेत. तो इंजिनावर आडवा पडला, आणि करवंटी त्याच्या पोटाखाली गेली. दिलीपला वाटलं, म्हातारा करणी झाकतोय. मग त्याने मारलं.

एकाने विचारलं असतं, "ते काय हाय?" तर हरेश्वरने करवंटी उचलून गटारात फेकली असती. त्याला तिचं काही नव्हतं. ती मी बांधली होती. म्हणून चूक माझी, असं दिराची बायको म्हणाली. मी तिला म्हटलं, सळी ज्याच्या हातात होती चूक त्याची, आणि तू चहा पी आणि घरी जा.

नितेशने बापाला रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. मला पोलिसांनी नेलं, दिलीपला टाके घालून मागून आणलं. आम्ही एकाच बाकावर बसलो, मध्ये एक हवालदार. दिलीप रडत होता. तो म्हणाला, "माझी पोरगी मरतेय." मी म्हटलं, "माझा नवरा मरतोय." मुलीला डेंग्यू निघाला. तिलाही त्याच हॉस्पिटलला ठेवलं होतं, हरेश्वरच्या खालच्या मजल्यावर.

केस दोन्हीकडून चालू आहे. हरेश्वरचा डावा कान गेला आणि तोल गेला. सपाट जमिनीवर भिंत धरून चालतो, होडीत उभा राहू शकत नाही. इंजिन दीर घेऊन गेला. तो पहिल्यांदा पापलेट घेऊन आला तेव्हा हरेश्वर म्हणाला, "माझा भाग काय?" दीर म्हणाला, "दादा, हा तुझाच भाग." हरेश्वर जेवला नाही.

मुरब्याची माणसं भेटली की विचारतात, परत येणार का. कुठे येणार? भिंत समुद्रात आहे. इथे माझा गॅस आहे, मोरी आहे, नितेशचा पगार आहे, म्हणून इथे राहते. याला घर म्हणायचं असेल तर म्हणा. माझी गाठ ओळखणारं इथे कोणी नाही आणि मी आता बांधतही नाही.

दिलीप अजून वरच राहतो. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. जिन्यात समोर आला की तो भिंतीकडे सरकतो, मी सरकत नाही. त्याची मुलगी पहिलीत गेली. हरेश्वर खिडकीत बसतो. मी स्वयंपाक करते. चौघेही वाचलो.