फायबरखालचा पत्रा

नेरला आमच्या शेजारी राहणारी ही बाई शाळेत चित्रकला शिकवते. ती कमी बोलते, आणि बोलली तरी हातातलं काम थांबवत नाही. वडिलांच्या जुन्या स्पोर्ट्स कारचा पत्रा गंजला, तेव्हा तिनं तो कापला नाही. घरीच फायबरची पॅनल घडवून वरून स्क्रूनं बसवली. गाडी नवीकोरी दिसू लागली.

दृष्टी गेलेल्या वडिलांनी दारावर हात फिरवला.

"हे माही गाडी नाही."

"थांबा बाबा."

तिनं स्क्रू काढले, पॅनल उतरवलं आणि त्यांचा हात जुन्या पत्र्यावर ठेवला. ओळखीचा पोचा बोटांना लागताच ते हसले.

मी थक्क होऊन विचारलं, "ताई, परत बसवू लागू काय?"

"बाबाचं होऊ द्या," पॅनल छातीशी धरून ती म्हणाली.